दोन कपाटं

शहाद्याच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
डांबरगोळ्यांचा वास जिथे भिंतीतच मुरलाय,
मी एकवीस वर्षं वाळलेली झाडं सांभाळते.
चिकटवते, टाके घालते, वाळवी बघते.

कपाट तीन, खालचा खण.
तोरणमाळ, सीताखाईच्या वरची कपार, जून एकोणसत्तर.
वीतभर दांडी, टोकाला एकच फूल,
हाक ऐकून थांबल्यासारखं, मान खाली.
रंग आता चहाच्या डागाचा.
चिठ्ठी मात्र सांगते: फिकट गुलाबी,
ओठावर जांभळ्या शिरा.
पान दिसलं नाही.
सही इं. रा. चौधरी. बाई कडक असणार,
‘दिसलं नाही’च्या खाली दोन रेघा आहेत,
पानानं मुद्दाम दांडी मारल्यासारख्या.

कपाट सात, वरचा खण.
तोरणमाळच. ऑगस्ट चौऱ्याहत्तर.
एकच पान, गोल, तळहाताएवढं,
कागदी पंख्याच्या घड्या पडलेलं,
पाठीला अजून लाल माती.
फूल दिसलं नाही. बहुधा वेगळी जात.
सही द. आ. बोरोले, शिपाई.
शनिवारी सायकल एसटीच्या टपावर टाकून
ते डोंगर चढायचे, असं ऐकलंय.
पान दाबलं ती रद्दीही त्यांनी तशीच ठेवली:
रावेर, केळी, क्विंटलचा भाव,
आणि आकड्यांवरून गेलेल्या शिरा.

गेल्या वर्षी गिलदार पावरा
मुलीच्या ॲडमिशनला आला.
क्लार्क जेवायला गेलेला, म्हणून माझ्याकडे बसला.
टेबलावर योगायोगानं दोन्ही कागद होते,
एकाचा टाका सुटलेला, एकाची चिठ्ठी.
त्यानं पाणी प्यायलं. पेला खाली ठेवला.
म्हणाला, ‘ताई, हाई एकच शे.’

एकच?
‘फूल झडस. मंग कांदा निजेल ऱ्हास.
मंग पान येस.
त्या दोन्हीसनी भेट कधीच व्हत नही.’
बोट त्यानं कागदाला लावलं नाही,
वरून फिरवलं,
तापलेल्या तव्यावरून फिरवतात तसं.

मला माहीत आहे, यावर कुणीतरी
विरहाचं काहीतरी लिहील. लिहो.
मी जुनं मस्टर काढलं.
चौधरीबाईंची बदली धुळ्याला, एप्रिल सत्तर.
बोरोले रुजू झाले जून एकाहत्तरला.
मधल्या चौदा महिन्यांत या खोलीला कुलूप होतं,
किल्ली प्राचार्यांकडे.

नियम असा की एका कागदावर एकच वेचणी.
दोन तारखा एकत्र चिकटवता येत नाहीत.
म्हणून पेन्सिलीनं, अगदी बारीक,
तीनमधल्यावर लिहिलं: कपाट सात पाहा.
सातमधल्यावर लिहिलं: कपाट तीन.
लॅटिन नावाची जागा कोरी ठेवली,
भुईआमरी म्हणतात, एकपानी म्हणतात,
गिलदारची माय काय म्हणायची ते त्यानं सांगितलं,
मला लिहिता आलं नाही,
त्यातला एक आवाज आपल्या बाराखडीत नाही.

जुलैत त्याच्याबरोबर वर गेले.
सात पायऱ्यांचा घाट, धुकं, चपलेचा अंगठा तुटला.
सागाची कुजकी पानं त्यानं बाजूला केली,
एक चपटा दगड उचलला,
म्हणाला, ‘आठे.’
माती होती.
वास होता, ओल्या गोणपाटाचा.
एक गोगलगाय घाई नसल्यासारखी चालली होती.
फुलाला जाऊन आठवडा झालेला,
पानाला यायला अजून आठवडा.
तो बिडी पेटवून लांब बसला,
मी उकिडवी, गुडघे भरून येईपर्यंत.
त्यानं विचारलं नाही काय बघताय.
पिशवीतून रद्दी काढली, उघडली, मिटली,
पट्टे आवळले, आत काहीच नसलेल्या दाबणीचे.

तिसरी चिठ्ठी घरी येऊन लिहिली.
अजून कुठल्या कपाटात ठेवावी ते ठरत नाही:
तोरणमाळ. जुलै.
फूल दिसलं नाही.
पान दिसलं नाही.
आहे.